मांजरपाट, दोरा आणि तांब्याची तार

उन्हाळ्यात मोटारी जास्त जळायच्या. फेब्रुवारी संपत आला की विहिरीचं पाणी खाली जायचं, ऊस वाळायला लागायचा, लाइट रात्री यायची ती पण कधीकधी दोनच फेजवर, आणि मग कुणाची तरी साडेसात हॉर्सपॉवरची मोटार घूं घूं करत उभी राहायची आणि जळायची. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो माणूस दारात बसलेला असायचा, मोटार जीपच्या मागे पोत्यावर टाकलेली, डोळे जागरणाने लाल, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "अण्णा, आज सांजच्यापर्यंत भरून देताय का बघा."

मोटार भरणं म्हणजे रिवाइंडिंग, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जळलेलं तांबं काढायचं आणि नवीन तारेच्या कॉइल बसवायच्या. ऐकायला एका ओळीचं काम आहे, करायला अख्खा दिवस जातो. आधी एका बाजूची जळकी टोकं छिन्नीने तोडायची, स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा खाचांचा भाग, तापवून जुनं वार्निश मऊ करायचं, पकडीने काळं पडलेलं तांबं ओढून काढायचं, आणि ते काढतानाच एका खाचेत किती टर्न होते, तार किती गेजची होती, कॉइल कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेली होती हे सगळं वहीत लिहून घ्यायचं, कारण एकदा ते तांबं भंगारच्या ढिगात पडलं की माहिती गेली. मग खाचा खरवडून साफ करायच्या, प्रत्येक खाचेत कागद घालायचा, लाकडी फर्म्यावर कॉइल गुंडाळायची, तार थोडी थोडी करत खाचेत सरकवायची, वरून बांबूची कामटी ठोकायची, बाहेर राहिलेली टोकं सुती दोऱ्याने आवळून बांधायची, आणि शेवटी वार्निश. खाचेचे कागद कापायचं काम माझ्याकडे होतं, चौथीत असल्यापासून. छत्तीस खाचांचा स्टेटर असला की छत्तीस कागद, सगळे एका मापाचे, दोन्ही कडा दुमडलेल्या. एकाचं माप चुकलं तर तिथे तार लोखंडाला लागणार, बॉडी येणार, म्हणजे मोटारीच्या अंगात करंट उतरणार, आणि कुणालातरी शॉक बसणार, हे मला पाढ्यांच्या आधी माहीत होतं म्हटलं तरी चालेल.

अण्णांचा नियम एकच होता. फर्मा फिरत असताना कुणी बोलायचं नाही. ते ओठ हलवत टर्न मोजायचे, आवाज नाही, फक्त ओठ. एकदा मी मधेच काहीतरी विचारलं, आकडा चुकला, ते मला काही बोलले नाहीत, त्यांनी ती कॉइल सगळी उलगडली आणि एकपासून परत सुरुवात केली. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेलं होतं.

पुढे मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला. तिथे फॅरेडेचा नियम आला, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, व्याख्या पाठ, आकृती पाठ, गणितं सोडवली, मार्क पडले. आणि खरं सांगते, तीन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हे आमच्या दुकानाबद्दल चाललंय. पुस्तकातला फॅरेडे म्हणजे चौकटीतला गालमिशीवाला गोरा माणूस, आणि अण्णांच्या हातातली कॉइल म्हणजे अण्णांच्या हातातली कॉइल. दोन्ही एकच आहे हे कळायला मला एक फोटो लागला.

तो फोटो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका लोखंडी कड्याचा. या संस्थेच्या तळघरात फॅरेडेचं म्युझियम आहे आणि तिथे ते कडं ठेवलंय. बाहेरून ६ इंच व्यासाचं, पाऊण इंचापेक्षा थोड्या जाड सळईचं, सांधा जोडून गोल केलेलं. त्याच्या दोन बाजूंना तांब्याची तार गुंडाळलीये आणि तारेच्या थरांमधून मळकट कापड बाहेर आलंय. दोरा पण दिसतो. त्या फोटोवर मी किती वेळ थांबले सांगता येणार नाही. कारण ते कडं मी ओळखत होते. कापडाची ती बाहेर आलेली कड, दोऱ्याने आवळलेलं टोक, हे सगळं आमच्या फळीवर पडलेलं असायचं तसंच.

१८३१ साली इन्सुलेशनवाली तार आजच्यासारखी दुकानात सहज मिळत नव्हती, कारण तसली तार फार थोड्यांना लागायची. फॅरेडेने उघडी तांब्याची तार घेतली, वेढ्याला वेढा लागू नये म्हणून मधे सुती दोरा गुंडाळला आणि एका थरावर दुसरा थर चढवताना मधे कॅलिको घातलं. कॅलिको म्हणजे आपला मांजरपाट. (हे नाव आपल्या कालिकतवरून पडलंय, केरळातल्या.) एका बाजूला प्रत्येकी २४ फुटांचे तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला दोन तुकड्यांत मिळून ६० फूट. किती तास लागले असतील याचा हिशोब मी मनात करून बघितला, कारण तार ओढून धरायची, दोरा बरोबर चालवायचा, कडं गोल असल्याने दर वेळी तारेचं भेंडोळं मधल्या भोकातून काढायचं, या कामात बोटं अक्षरशः सोलवटतात.

२९ ऑगस्ट १८३१. एका बाजूची कॉइल बॅटरीला जोडली. दुसऱ्या बाजूच्या कॉइलची तार तीनेक फुटांवर नेऊन एका चुंबकसूचीवरून घातली होती. बॅटरी जोडल्याबरोबर सुई हलली, डोलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालूच, पण सुई गप्प. बॅटरी काढली तर परत हलली. त्याच्या रोजच्या टिपणवहीत हे एवढंच लिहिलंय, साध्या शब्दांत, उद्गारचिन्ह नाही काही नाही. दोन्ही कॉइल एकमेकींना कुठेही लागत नाहीत, मधे कापड आहे, आणि तरी इकडची वीज तिकडे काहीतरी करते. शेताच्या बांधावर जी डीपी असते, जिला पुस्तकात रोहित्र म्हणतात, ती म्हणजे हे कडंच, मोठं केलेलं आणि तेलात बुडवलेलं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की ती हालचाल क्षणभराची होती आणि त्याने ती सोडली नाही. त्याच्या आधी दहा-अकरा वर्षं युरोपातले मोठमोठे लोक याच्याच मागे होते. १८२० मध्ये कोपनहेगनच्या ओर्स्टेडने दाखवलं की विजेच्या तारेजवळ चुंबकसूची वळते, म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळतं. मग उलटं का मिळू नये, चुंबकापासून वीज? सगळ्यांची अपेक्षा अशी की चुंबक जवळ ठेवला की तारेतून वीज वाहत राहणार, जसा चुंबक सतत आहे तशी वीज पण सतत. फॅरेडेने स्वतः १८२५ आणि १८२८ मध्ये प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही. जिनिव्हात १८२२ साली अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या एका प्रयोगात तर हे जवळपास दिसलंच होतं, पण त्याने ते बाजूला ठेवलं. आणि त्याच शहरातल्या कोलाडॉनची गोष्ट वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण तो बिचारा फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस, चुंबकाचा परिणाम थेट सुईवर होऊ नये म्हणून त्याने मोजायचं यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवलं, या खोलीत चुंबक कॉइलजवळ न्यायचा आणि मग चालत त्या खोलीत जाऊन सुई बघायची. तो पोचेपर्यंत सुई परत जागेवर.

बदल होत असतानाच वीज मिळते. चुंबक नुसता ठेवून उपयोग नाही, तो हलला पाहिजे, किंवा त्याचं बळ कमी-जास्त झालं पाहिजे. १७ ऑक्टोबरला फॅरेडेने कागदाच्या पोकळ नळीवर तार गुंडाळली आणि साडेआठ इंचांचा गोल चुंबक एकदम आत सारला. सुई हलली. बाहेर ओढला, उलटी हलली. बस. पुढच्या पंधरवड्यात, २८ ऑक्टोबरला, रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमधे तांब्याची चकती फिरवून त्याने सतत वाहणारी वीज काढली, म्हणजे पहिलं जनित्र. नोव्हेंबरमध्ये पेपर वाचला. अमेरिकेत जोसेफ हेन्रीनेही हे स्वतंत्रपणे शोधलं होतं, त्याचं छापून यायला उशीर झाला, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. सह्याद्रीच्या पोटात पोफळीला कोयनेचं पाणी जी जनित्रं फिरवतं, १९१५ पासून खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना जी वीज गेली, ते सगळं या दोन-अडीच महिन्यांत सापडलेल्या गोष्टीवर चालतं.

मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, त्याने रिचर्ड फिलिप्स नावाच्या मित्राला पत्र लिहिलं होतं, की परत या विजेच्या आणि चुंबकाच्या मागे लागलोय, काहीतरी चांगलं हाती लागलंय असं वाटतंय पण सांगता येत नाही, एवढे कष्ट करून गळाला मासा लागण्याऐवजी शेवाळच लागेल की काय. चाळिशीला टेकलेला, नाव झालेला माणूस असं लिहितो. मला हे पत्र फार आवडतं.

आता हा माणूस आला कुठून. मायकेल फॅरेडे, जन्म २२ सप्टेंबर १७९१, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्समध्ये. वडील जेम्स लोहार, तब्येतीने कायम खंगलेले. चार भावंडं. १८०१ च्या सुमारास धान्य एवढं महागलं होतं की छोट्या मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा आणि तो त्याने आठवडाभर पुरवायचा. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडे हिशोब, बाकी काही नाही. तेराव्या वर्षी ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागला, पेपर टाकायला, आणि वर्षभराने तिथेच सात वर्षांच्या करारावर बाइंडिंग शिकायला बसला.

बाइंडिंग हे हाताचं काम आहे. फर्मे, म्हणजे इथे घडी घातलेल्या छापील पानांचे गठ्ठे, एकावर एक बसवायचे, दोऱ्याने शिवायचे, सरस लावायचा, दाबात ठेवायचे, कडा कापायच्या. सात वर्षं हे केलेल्या माणसाला दोरा किती ताणायचा हे कुणी सांगावं लागत नाही, आणि मला वाटतं ते कडं गुंडाळताना त्याच्या बोटांत रीबोचं दुकान होतं. हे माझं मत आहे, पण मी सात-आठ वर्षं कागद कापलेत त्यामुळे मी ते ठामपणे म्हणते.

बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा एक खंड आला, त्यात विजेवरचा लेख होता, तो वाचून त्याने काचेच्या बाटल्या आणि मिळेल त्या वस्तू जोडून घर्षणाने वीज तयार करायचं छोटं यंत्र बनवलं. आणि दुसरं पुस्तक जेन मार्सेट या बाईंचं, रसायनशास्त्रावरच्या गप्पा. एक शिक्षिका आणि दोन मुली बोलतायत अशी रचना, प्रयोग करून बघा असं सांगणारं. पहिल्यांदा छापलं तेव्हा त्यावर बाईंचं नावसुद्धा नव्हतं. ज्या मुलींना कॉलेजची दारं बंद होती त्यांच्यासाठी लिहिलेलं पुस्तक एका बाइंडरच्या पोराच्या हातात पडलं, आणि त्यातलं एकेक विधान त्याने जमेल तसं करून पडताळून बघितलं. पुढे मोठा झाल्यावर तो आपले पेपर मार्सेटबाईंना पाठवायचा, गुरुदक्षिणा म्हणूनच म्हणा ना. मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा वर्गात आम्ही चारच मुली होतो, त्यामुळे या बाईंबद्दल मी जरा जास्त लिहिलं असेल तर असू दे.

विज्ञानाची व्याख्यानं ऐकायला एक शिलिंग पडायचा. ते पैसे थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा, जो स्वतः वडिलांच्याच धंद्यात होता. धाकट्याला शिकवायला थोरला घण मारतोय हे चित्र आपल्याकडे काही नवीन नाही. वडील १८१० मध्येच गेले, पोराचं पुढे काय झालं हे त्यांना बघायला मिळालं नाही.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे रसायनशास्त्रातला तेव्हाचा स्टार माणूस. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या, सुमारे ३०० पानांचा ग्रंथ स्वतः बांधला आणि डिसेंबरमध्ये डेव्हीला पाठवला. नोकरी मागायला याहून चांगला अर्ज मी पाहिलेला नाही. डेव्हीने भेटीला बोलावलं, पण सल्ला दिला की हातातला धंदा सोडू नकोस, विज्ञानात कष्ट फार आणि पैसा कमी. मग काही दिवसांनी तिथल्या मदतनिसाला भांडणावरून काढून टाकलं आणि १ मार्च १८१३ ला एकविसाव्या वर्षी हा पोरगा कामाला लागला. आठवड्याला २५ शिलिंग, वर माळ्यावर दोन खोल्या, मेणबत्त्या आणि कोळसा.

त्याच वर्षी डेव्ही नवरा-बायको दीड वर्षाच्या युरोपच्या दौऱ्यावर निघाले, फॅरेडेला बरोबर घेऊन. डेव्हीचा खासगी नोकर ऐनवेळी आला नाही, तेव्हा ती कामंही याच्यावर पडली. बाईसाहेबांनी त्याला नोकरच धरला, जेवायला नोकरांच्यात बसवलं. तो इतका वैतागला की परत निघायच्या बेतात होता. पण याच दौऱ्यात त्याने पॅरिसमध्ये अँपिअरला पाहिलं, फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळताना पाहिला, मिलानमध्ये बॅटरी शोधणाऱ्या खुद्द व्होल्टाला भेटला. अपमान आणि शिक्षण एकाच ताटात. गुरू-शिष्यांचं पुढेही फार बरं राहिलं नाही. १८२१ मध्ये फॅरेडेने पाऱ्याच्या वाटीत चुंबक उभा करून त्याच्याभोवती वीज वाहणारी तार गोल गोल फिरवून दाखवली, जगातली पहिली विजेवर फिरणारी वस्तू, आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीची खापरपणजी, तेव्हा त्याने दुसऱ्याची कल्पना ढापली अशी कुजबुज झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीत त्याची निवड व्हायची होती तेव्हा अध्यक्ष डेव्ही होता आणि तो विरोधात होता. तरी निवड झाली, फक्त एक मत विरोधात पडलं. फॅरेडे डेव्हीबद्दल वाईट बोलत बसला नाही.

गणित त्याला येत नव्हतं. म्हणजे अगदी साधे हिशोब सोडले तर नाही. त्याच्या हजारो परिच्छेदांच्या लिखाणात समीकरणं नाहीत. तो बघायचा. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोखंडाचा कीस टाकला की ज्या रेषा उमटतात त्या आपण सगळ्यांनी शाळेत पाहिल्यात आणि मग कागद झटकून कीस परत डबीत भरलाय. फॅरेडेला त्या रेषा खऱ्या वाटल्या. चुंबकाच्या आजूबाजूची जी रिकामी जागा आहे ती रिकामी नाही, तिच्यात ताण आहे, आणि तार त्या रेषांना कापत गेली की तिच्यात वीज येते, असं तो म्हणायला लागला. अनेक गणितींना हे पटत नव्हतं. त्यांच्या मते एक वस्तू लांबूनच दुसरीला ओढते, मधल्या जागेला काय विचारायचं? १८५१ च्या आसपास त्याने किसाच्या त्या नक्षा डिंकाच्या कागदावर पक्क्या चिकटवून ठेवल्या. साठीला आलेला शास्त्रज्ञ कागद आणि डिंक घेऊन बसलाय, परत बाइंडरच.

मग केंब्रिजच्या एका तरुणाने, जेम्स क्लार्क मॅक्सवेलने, या बलरेषा गणितात बसवल्या आणि पेपर फॅरेडेला पाठवला. म्हाताऱ्याने मार्च १८५७ मध्ये उत्तर लिहिलं, की या विषयावर एवढ्या गणिताचा मारा झालेला बघून मी आधी जवळजवळ घाबरलोच, आणि मग विषयाने तो मारा इतका छान सोसला याचं नवल वाटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने मॅक्सवेलला आणखी एक गोष्ट विचारली, ती मी माझ्या शब्दांत सांगते: गणिती माणूस त्याच्या निष्कर्षाला पोचला की तो निष्कर्ष साध्या भाषेत तितकाच पुरा आणि तितकाच स्पष्ट मांडता येणार नाही का? तसं झालं तर माझ्यासारख्यांवर केवढे उपकार होतील.

माझ्यासारख्यांवर. हे वाचलं तेव्हा मला अण्णा आठवले. माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकातलं पान उघडून त्यांनी एकदा विचारलं होतं, "हे सगळं आपल्याच मोटारीचं हाय न्हवं? मग मला का कळंना?" आणि मला त्यांना समजावून सांगता आलं नाही, कारण मलाही ते कळलेलं नव्हतं, नुसतं पाठ होतं. फॅरेडेला शब्दांचं मोल माहीत होतं. नवीन गोष्टीला नाव द्यायची वेळ आली की तो केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलला पत्र टाकायचा, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द त्या पत्रांतून आले. आपल्याकडे धनाग्र, ऋणाग्र, प्रवर्तन असे शब्द कुणीतरी बसून घडवले, मनापासून घडवले, पण ते दुकानापर्यंत कधी आलेच नाहीत. दुकानात बॉडी, शॉर्ट, फेज, टर्न. ही दोन गावं आहेत आणि मधे पूल नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याने मात्र पूल बांधले. मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं, रॉयल इन्स्टिट्यूशनमधली, १८२७ ते १८६० या काळात १९ वेळा त्याने घेतली. एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, ती कशी जळते, मेण कुठे जातं, ज्योतीच्या आत काय असतं. १८३६ मध्ये लाकडी चौकटीवर तारा आणि पत्रा चढवून १२ फुटांचा पिंजरा उभारला, बाहेरून त्याला जबरदस्त विद्युतभार दिला, बाहेर ठिणग्या उडतायत आणि हा आत जाऊन बसलाय हातात मोजायची यंत्रं घेऊन, आत विजेचा मागमूस नाही. वादळात गाडीच्या आत बसलेलं बरं असं आपण म्हणतो ते यामुळे.

आणखी एका माणसाबद्दल लिहायचंय, सार्जंट अँडरसन. तोफखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस १८२७ च्या सुमारास फॅरेडेच्या काचेच्या भट्टीवर मदतीला आला आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथेच राहिला. सांगतात की एकदा फॅरेडे त्याला घरी जा म्हणायला विसरला आणि सकाळी येऊन बघतो तर अँडरसन रात्रभर भट्टीत कोळसा टाकतोय. दुर्बिणीसाठी चांगली काच बनवायचं ते काम वर्षानुवर्षं चाललं आणि जवळपास वाया गेलं. पण काच टाकून दिली नाही. १३ सप्टेंबर १८४५ ला त्याच जड काचेचा एक तुकडा चुंबकाच्या टोकांजवळ ठेवून त्यातून प्रकाश सोडला, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळली. प्रकाशाचं आणि चुंबकाचं नातं आहे हे माणसाला पहिल्यांदा दिसलं ते त्या वाया गेलेल्या काचेतून. आणि तो पेपर छापताना फॅरेडेने तळटीप घातली, अँडरसनचं नाव घेऊन, की याची काळजी, चिकाटी, अचूकपणा आणि निष्ठा याचं माझ्यावर मोठं ऋण आहे. त्या काळात मदतनिसाचं नाव कोण छापायचं? आमच्याकडे एक मामा होते कामाला, बेअरिंग काढायला त्यांच्यासारखा हात तालुक्यात नव्हता, आणि पावतीवर नाव अण्णांचं असायचं. ही तळटीप वाचल्यावर मी अण्णांना फोन करून मामांचं कसं चाललंय विचारलं.

फॅरेडेने सर ही पदवी घेतली नाही, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद घेतलं नाही. बायको सारा, मूलबाळ नाही, एका छोट्या साध्या धर्मपंथातले दोघं.

शेवटची वर्षं वाचवत नाहीत. पन्नाशीच्या आधीपासूनच त्याची आठवण दगा द्यायला लागली होती. टिपणवहीत तो प्रत्येक नोंदीला नंबर घालायचा, ते नंबर १६ हजारांच्या पुढे गेलेत, स्वतःलाच शोधता यावं म्हणून घातलेल्या खुणा जणू. १८६२ मध्ये शोनबाइन या जुन्या मित्राला त्याने शेवटचं पत्र लिहिलं. मी पत्र लिहितो आणि परत परत फाडतो कारण काहीतरीच लिहिलेलं असतं, एक ओळ सलग लिहिता येत नाही, हा गोंधळ बरा होईल का माहीत नाही, आता मी लिहिणार नाही, तुला माझं प्रेम. एवढंच. २५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरात तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत साधी कबर आहे.

मागच्या दिवाळीला गावी गेले होते तेव्हा तो कड्याचा फोटो अण्णांना दाखवला. दुकान आता बंद आहे, फर्मा माळ्यावर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, मग दोन बोटांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला.

"कुणी भरलंय हे?"

"फॅरेडेने. १८३१ साली."

"मधी कापड घातलंय बघ. बरोबर हाय, न्हाईतर शॉर्टच झालं असतं." मग थोड्या वेळाने, "वार्निश नव्हतं व्हय त्याच्याकडं?"

मी म्हटलं नव्हतं, दोरा आणि कापडच.

"टर्न किती हायत?"

मी सांगितलं की टर्न नाही लिहिलेत, तारेची लांबी लिहिलीये फुटात, एका तुकड्याला २४ फूट.

"आणि सळई?"

"सात अष्टमांश इंच."

"सात सूत," ते म्हणाले, मोबाइल मांडीवर ठेवला, भिंतीकडे बघितलं, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आतून आई फराळाचं ताट घेऊन आली आणि काहीतरी विचारणार होती, मी तिला हाताने थांब म्हटलं.